जुळ्याची रेघ

प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या अंगाला काचकामाची खोली होती आणि तिच्या दारावर एक पाटी होती: ‘इथली काच गळत नाही.’ आता अशी पाटी कुणी लावतं का? दवाखान्याच्या दारावर ‘इथं पेशंट मरत नाही’ असं कुणी लिहून ठेवतं का? पण वहिनींनी लावली होती. स्वतःच्या हातानं, पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत. ती कुणासाठी लावली आहे हे झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ती होती त्यांच्या दिरासाठी.

गंमत अशी, की वहिनी हे नावही त्या दिरानंच दिलेलं. तो प्रयोगशाळेत नोकरीला लागला त्या पहिल्या दिवशी चारचौघांत ‘वहिनी, माझा डबा तुमच्याकडेच राहिला’ म्हणाला, आणि तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा त्यांना वहिनी म्हणायला लागली. पुढं दोघांत बिनसलं. विस्तव जाईना. त्यानं ‘वहिनी’ टाकलं आणि ‘काचकामवाल्या बाई’ धरलं. बाकीच्यांनी काही ते सोडलं नाही. म्हणजे ज्यानं नाव दिलं तो एकटाच ते घेत नसे.

वहिनींचं काम कुणी नुसतं उभं राहून पाहिलं तरी त्याचा अर्धा दिवस जायचा. डाव्या हातात नळी, उजव्या हातात नळी, मध्ये ज्योत. दोन्ही हात एकाच चालीनं फिरवायचे. एक जरी मागं-पुढं झाला तर काच पिळवटते. मऊ झाली की ज्योतीतून बाहेर काढायची, तोंडाला लावायची, श्वास सोडायचा. जास्त नाही, कमी नाही. बारा वर्षांच्या होत्या तेव्हा वडिलांच्या शेजारी उभं राहून शिकल्या. डाव्या अंगठ्यावर तेव्हाचा चटका अजून होता. आणि नाकावर माशी बसू देत नव्हत्या, हेही वडिलांचंच. त्यांच्या काच कापायच्या कानसेला दुसऱ्या कुणी हात लावला, तर ती कानस त्या दिवसभर वापरायच्या नाहीत आणि त्या माणसाशी आठवडाभर बोलायच्या नाहीत.

प्रयोगशाळेचं काम होतं थंडीचं. हवेतली थंडी नव्हे हो, यंत्रानं केलेली थंडी. हीलियम नावाचा वायू, फुग्यात भरतात तो, तो दाबून, फैलावून, पुन्हा दाबून इतका गार करायचा की त्याचं पाणी व्हावं. त्याच्याहून थंड द्रव जगात नाही. ते यंत्र तळमजल्यावर होतं आणि ते चालवणाऱ्याला सगळे धडधड्या म्हणायचे, कारण यंत्र चालू असताना तो ओरडून बोलायचा आणि बंद असतानाही ओरडूनच बोलायचा. तो थंडी तयार करायचा, वहिनी ती ठेवायला भांडी करायच्या आणि दीर त्या भांड्यांत मोजमापं करायचा. तिघांवर सगळं चालायचं.

दीर मूळचा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही. एकोणीस वर्षांचा असताना शिकायला म्हणून भावाकडे राहायला आला. लाजाळू. काही विचारायचं झालं की आधी कान लाल व्हायचे. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यानं वहिनींनी केलेले काचेचे दोन मणी घेतले, एक लाल, एक निळा, आणि टेबलावर दोन वाट्या मांडल्या.

“वहिनी, हे दोन मणी या दोन वाट्यांत किती तऱ्हांनी ठेवता येतील?”

वहिनींनी ठेवून दाखवले. दोन्ही डावीकडे. दोन्ही उजवीकडे. लाल इकडे, निळा तिकडे. निळा इकडे, लाल तिकडे. चार तऱ्हा.

“आता दोन्ही निळे समजा. अगदी सारखे. कुठला कुठला ते देवालाही ओळखता यायचं नाही. आता?”

वहिनींनी वाट्यांकडे पाहिलं. “तीन. शेवटच्या दोन तऱ्हा आता एकच झाल्या.”

“बरोबर. म्हणजे आधी चारांतल्या दोन वेळा मणी एका वाटीत सापडायचे, आता तिनांतल्या दोन वेळा. वायूचे कण असेच असतात, वहिनी. एकासारखा दुसरा. ऊब असते तोवर हे लक्षात येत नाही. पण वायू खूप गार केला, की ते आपल्या साध्या हिशेबापेक्षा जास्त एकत्र राहतात आणि भांड्याच्या भिंतीवर त्यांचा दाब हिशेबापेक्षा थोडा कमी भरतो. मला ते मोजायचंय.”

“मोजा की,” वहिनी म्हणाल्या. “भांडं मी करून देते.”

शेजारी बसलेल्या नवऱ्याला यातलं काहीही कळलं नाही. तो टपालखात्यात होता. त्यानं वाट्या उचलल्या आणि धुवायला नेल्या. पण ते वाक्य, ‘भांडं मी करून देते’, ते टेबलावर राहिलं ते राहिलंच.

बिनसलं ते असं. दीर नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. बाहेरून मोठे पाहुणे आले होते, द्रव हीलियम पाहायला. तो ठेवायचं भांडं वहिनींचं. दुहेरी भिंतीचं, चहाच्या थर्मासाला असते तशी भिंत. दोन भिंतींमधली हवा पार काढून घेतलेली, म्हणजे बाहेरची ऊब आत शिरत नाही. दोन तास टिकायचा हीलियम वीस मिनिटांत उकळून उडून गेला. पाहुण्यांना मोकळं भांडं बघावं लागलं. आणि दीर, कान लाल करून, सगळ्यांसमोर म्हणाला, “माझ्या मांडणीत काही नाही. वहिनींची काच गळते.”

पंचवीस माणसं उभी होती. वहिनींच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी भांडं वर नेलं, ठिणगीची कांडी लावली. ही कांडी काचेवरून फिरवली की जिथं बारीकसं भोक असेल तिथं ठिणगी आत घुसते आणि भोक दाखवते. एकही भोक नव्हतं. भिंतींच्या मधल्या जागेत मात्र उजेड पडला, म्हणजे तिथं वायू शिरला होता. हवा शिरली तर उजेड जांभळट पडतो. हा फिकट नारिंगीसर होता. वहिनींनी तो पाहिला, आणि त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. भोक नाही ना? मग काच गळत नाही. त्यांनी खाली जाऊन एवढंच सांगितलं. दीर म्हणाला, “मग हीलियम उडाला कसा? निर्वात जागेत वायू काय टपालानं आला?” लोक हसले. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली.

त्यानंतरची अकरा वर्षं! दोघं एकाच घरात, तो माडीवर, हे नवरा-बायको खाली. जेवायला एकाच टेबलावर, कारण सासूबाई जाताना तेवढं वचन घेऊन गेल्या होत्या. वहिनी म्हणायच्या, “त्यांना विचारा, अजून भात हवा का.” नवरा विचारायचा, “भात हवा का?” दीर म्हणायचा, “त्यांना सांग, नको.” तिघांच्या मध्ये दीड हात अंतर. नवरा दिवसभर लोकांची टपालं पोचवायचा आणि घरी आला की ही. प्रयोगशाळेत तर चिठ्ठ्याच. दीर चिठ्ठीवर लिहायचा: ‘गोळा, एक. नळीसह.’ वर काही नाही, खाली काही नाही. धडधड्या ती वर आणून द्यायचा. वहिनी काम करून द्यायच्या. वाईट काम कधीच दिलं नाही. द्वेष करायचा तो तोंडानं, हातानं नाही, असा त्यांचा कायदा होता.

आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी एक पद्धत पाडली. दिराला जे काही करून द्यायच्या ते जोडीनं करायच्या. एक त्याला, एक स्वतःच्या फळीवर. तीच काच, तेच माप, तीच ज्योत. फळीवरच्याला त्या जुळा म्हणायच्या. जुळ्याला पाऱ्याची वाकडी नळी जोडलेली असायची आणि तिच्यामागं कागदाची पट्टी. आत जेवढा वायू, तेवढी पाऱ्याची उंची. गळालं तर पारा खाली येणार. दिराच्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी धडधड्यानं यायचं, पट्टीवर पाऱ्याशेजारी पेन्सिलनं रेघ मारायची, तारीख घालायची आणि जायचं. वहिनी स्वतः मारत नसत. “मी मारली तर उद्या म्हणेल, बाईनं हवी तिथं मारली.” आणि मारलेली रेघ बघतही नसत. बघायचं काय त्यात? फळीवर चौदा जुळे हवा भरून उभे होते आणि चौदांच्या रेघा एकावर एक पडल्या होत्या.

मग आला तो गोळा. दिरानं वीस वर्षं जे मनात धरलं होतं ते करायला घेतलं. काचेच्या पातळ गोळ्यात हीलियम भरून तोंड बंद करायचं, तो गोळा थंडीत उतरवायचा आणि आतला दाब हिशेबापेक्षा किती कमी भरतो ते बघायचं. चार खेपा ठरल्या, प्रत्येक खेप आधीच्याहून थंड. दोन खेपांच्या मध्ये कधी वीस, कधी चाळीस दिवस जायचे, कारण हीलियम साठवून यंत्र पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागे. मधल्या काळात गोळा त्याच्या खोलीतल्या कपाटात. दाब मोजायचं उपकरण इतकं नाजूक, की उबेतल्या वायूचा दाब त्याला पेलवत नसे. म्हणून गोळा बाहेर असला की त्याची तोटी बंद. गोळा मोजायचा तो थंडीतच. किती वायू भरला, तो आकडा पहिल्या दिवशी लिहिलेला होता, तोच शेवटपर्यंत धरायचा.

चिठ्ठी आली तेव्हा वहिनींनी नेहमीप्रमाणे जोडी केली. पण या वेळी धडधड्याला म्हणाल्या, “जुळ्यातही हीलियमच भरा. त्याच नळकांड्यातून, त्याच दिवशी. उद्या काही बोलायला जागा नको.”

चार महिने गेले. चारही खेपा झाल्या. प्रयोगशाळेचे जुने प्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि बाहेरची तीन जणांची समिती सोमवारी येणार होती. दिराचा शोध खरा ठरला तर खुर्ची त्याची, हे ठरल्यातच जमा होतं. गुरुवारी दुपारी धडधड्या वर आला आणि बाकावर बसला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

“काय आकडे आलेत, वहिनी. पहिल्या खेपेला शंभरात एक कमी. दुसरीला दोन. तिसरीला चार. परवा शेवटची, सगळ्यात थंड, तिला सहा. जितकी थंडी जास्त, तितका दाब कमी. अगदी तो म्हणत होता तसं. म्हणत होता त्याहून जरा जास्तच.”

वहिनींना त्याचं यश ऐकून कडू लागलं. खोटं कशाला सांगू? अंगाचा तिळपापड झाला. त्या उठल्या, उगाच फळी पुसायला लागल्या, आणि फडकं फिरवताना हात जुळ्यापाशी थांबला.

पट्टीवर पाच रेघा होत्या. एक भरल्या दिवसाची. दुसरी तिच्या खाली. तिसरी तिच्याही खाली. चौथी, पाचवी. पायऱ्या उतरावं तशा.

“ह्या अशा का?” त्यांनी विचारलं.

“हवामान हो. ऊनपाऊस होतो, पारा हलतो.”

“आणि शेजारचा? त्याच्यात हवा आहे. त्याच्या रेघा का नाही हलल्या? त्याला ऊन लागत नाही?”

वहिनींनी मोजपट्टी घेतली. भरल्या दिवशी पारा पाचशेवर. पहिल्या खेपेच्या दिवशी पाच कमी. दुसरीच्या दिवशी दहा. मग वीस. मग तीस. पाचशेला तीस म्हणजे शंभराला किती, ते त्यांना कागदावर मांडावं लागलं नाही. एक, दोन, चार, सहा. जुळा एकदाही थंडीत गेला नव्हता. चार महिने फळीवरून हललाही नव्हता.

“तुम्ही खाली जा,” त्या धडधड्याला म्हणाल्या. “आणि आज तरी तोंड बंद ठेवा.”

तो गेल्यावर त्या बाकावर बसल्या. मग तो नारिंगीसर उजेड आठवला. तो हीलियमचा होता. प्रयोग झाला की भांड्यात उरलेला हीलियम तसाच ठेवून वर बूच लावायचं, म्हणजे दमट हवा आत जात नाही. ही सगळ्यांचीच पद्धत होती, आणि त्या भांड्यातही तो असाच दिवसच्या दिवस उबेत राहिला होता. हीलियम काचेतून झिरपतो. भोक लागत नाही त्याला. गारठलेल्या काचेतून नाही, उबेतल्या काचेतून. हळूहळू, दिवसांच्या हिशेबानं. हे कुठल्यातरी पुस्तकात लिहिलेलं असणारच. पण वहिनींनी पुस्तकं वाचली नव्हती आणि दिरानं ते पान उलटलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी काच गळली होती. तो खरं बोलला होता. त्यालाही ठाऊक नव्हतं की तो खरं बोलतोय, पण बोलला होता.

आता काय करायचं? गप्प बसायचं, दुसरं काय. जुळ्याची पट्टी फाडून टाकायची. पाटी दारावर राहील, समितीसमोर तो मिरवेल, आणि दोन-चार वर्षांनी दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी नीट मोजेल, तेव्हा त्याचं तोंड काळं होईल. स्वतःचं नाव राखायचं आणि त्याचं जाऊ द्यायचं, दोन्ही एकाच मौनात. असा बेत कुणी बसून रचला असता तरी इतका चोख झाला नसता. वहिनींना खरंच आनंद झाला. त्या चहा प्यायल्या. चहा संपेपर्यंत आनंद टिकला.

मग त्यांना राग आला, आणि तो स्वतःचा आला. खोटा आकडा त्याच्या डोक्यातून निघाला नव्हता. त्यांच्या गोळ्यातून निघाला होता. साक्षीदार म्हणून जुळा त्यांनीच उभा केला. आता तो विरुद्ध बोलला म्हणून त्याचं तोंड दाबायचं? मग अकरा वर्षं हा तमाशा कशासाठी केला? कानसेला दुसऱ्याचा हात लागलेला ज्यांना खपत नव्हता, त्यांना हे कसं खपावं?

शुक्रवारी सकाळी त्या जुळा छातीशी धरून तळमजल्यावर गेल्या आणि दिराच्या खोलीचं दार ढकललं. तो लिहीत होता. मान वर करून पाहिलं आणि दाराकडे पाहिलं, भाऊ कुठं आहे, मध्ये बोलायला, अशा नजरेनं.

“भाऊजी, हा जुळा. रेघा बघा.”

अकरा वर्षांनी ‘भाऊजी’. त्यानं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. पण माणूस हुशार. पट्टीवर बोट ठेवलं, तारखा वाचल्या, स्वतःची वही ओढली. कान लाल झाले.

“हा थंडीत कधी गेला?”

“कधीच नाही. फळीवर होता.”

त्यानं पट्टीवरच्या तारखा वहीशी ताडून पाहिल्या. मग म्हणाला, “म्हणजे तुमची काच गळते.”

“हीलियमला गळते. कुणाचीही गळत असणार. बाजारची नळी आणून भरून बघा.”

“मी हेच म्हणालो होतो. अकरा वर्षांपूर्वी. पंचवीस माणसांत.”

“म्हणाला होतात. मला पटलं नव्हतं. आता पटलं. तुमच्या गोळ्यातला वायू दर महिन्याला कमी झालाय आणि तुम्ही तो थंडीच्या नावावर मांडताय. सोमवारी ते मांडू नका.”

“तुम्हाला आनंद झाला असेल.”

“झाला होता. टिकला नाही.”

त्यानं जुळा उचलला, कपाट उघडलं, खालच्या फळीवर ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. “ठेवून जा. बघतो मी.”

वहिनी वर आल्या. बघतो म्हणाला म्हणजे थांबवेल, असं त्यांनी धरलं. इतका हुशार माणूस, त्याला कळलं होतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शनिवारी, रविवारी टेबलावर तो भावाशीही बोलला नाही.

सोमवारी सभागृहात सगळे जमले. वहिनी आणि धडधड्या दाराशी उभे होते, कामगारांनी उभं राहायचं तिथं. दीर फळ्यापाशी गेला आणि त्यानं चारही आकडे मांडले. एक, दोन, चार, सहा. खाली वळणारी सुबक रेघ काढली. दोन मणी आणि दोन वाट्यांची गोष्टही सांगितली, आणि ती फार छान सांगितली. वहिनींना वाटलं, पायाखालची फरशी काढून घ्यावी कुणीतरी.

समितीत एक वयस्क बाई होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “गोळ्यात पहिल्या दिवशी भरलेला वायू शेवटच्या दिवशीही तेवढाच होता, हे कशावरून?”

दीर थांबला. मग तो वळला, आणि सगळ्या सभागृहावरून नजर नेऊन थेट दाराकडे पाहिलं.

“ही शंका दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत योग्य ठरेल,” तो म्हणाला. “इथं नाही. गोळा आमच्या वहिनींच्या हातचा आहे. अकरा वर्षं त्यांच्या दारावर पाटी आहे, ती तुम्ही येताना पाहिली असेल. कधीकाळी मी स्वतः त्यांच्या काचेवर संशय घेतला होता. तेव्हा मी चुकलो होतो, हे आज सगळ्यांसमोर कबूल करतो. आमच्या वहिनींची काच गळत नाही. हवं तर त्यांनाच विचारा.”

सगळ्या माना वळल्या. त्या पंचवीस माणसांतली अठरा तरी आज तिथं होती. धडधड्या जमिनीकडे बघत होता.

गोड लागलं हो. नाही म्हणायला जीभ झडेल. अकरा वर्षं, भात वाढताना, ज्योत लावताना, जिना चढताना, वहिनींनी मनात हेच वाक्य त्याच्या तोंडी घालून पाहिलं होतं. नेमकं हेच, याच माणसांसमोर. ‘वहिनी’सुद्धा म्हणाला. आणि त्याच्या खिशात किल्ली होती. त्याला ठाऊक होतं त्यांना काय हवं आहे. सगळ्या जगात त्याला एकट्यालाच नेमकं ठाऊक होतं. त्यानं ते तसं हातावर ठेवलं होतं, घ्या म्हणून. त्यांना त्याची इतकी चीड आली, की क्षणभर समोरचं दिसेना. आणि त्याही चिडीत ते वाक्य गोड लागतच होतं.

“गळते,” वहिनी म्हणाल्या.

चष्म्याच्या बाई पुढं झुकल्या. “काय म्हणालात?”

“गळते म्हणाले. हवेला नाही गळत, हीलियमला गळते. याच गोळ्याचा जुळा मी फळीवर ठेवला होता. थंडीत गेला नाही तरी त्याच्यातला वायू एवढाच कमी झाला. एक, दोन, चार, सहा. पट्टीवर तारखा आहेत.”

“तो जुळा कुठं आहे?”

“भाऊजींच्या कपाटात. खालच्या फळीवर. किल्ली त्यांच्या खिशात आहे.”

दीर फळ्यापाशी उभा होता, हातात खडू. समितीतले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी त्याच्यापुढं हात पसरला. किल्ली बाहेर यायला वेळ लागला.

खुर्ची बाहेरच्या माणसाला मिळाली. दिराला काढलं नाही. समितीनं लिहिलं, मोजणी पुन्हा करावी, प्रत्येक खेपेआधी गोळा नव्यानं भरावा. त्या दिवशी संध्याकाळी जिन्यात दोघं समोरासमोर आले. “समाधान झालं?” त्यानं विचारलं. “नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं, जेवणाची ताटं उचलली आणि म्हणाला, “म्हणजे अकरा वर्षं मी भात विचारत होतो तो उगाचच?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पात्याची कड घेतली आणि पाटी खरवडायला लागल्या. रंग जुना, चिवट. धडधड्या वर आला तेव्हा निम्मीच निघाली होती.

“तुम्ही गप्प बसला असतात तर पाटी राहिली असती, वहिनी.”

“आणि काच गळायची थांबली असती का?”

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. वर काही नाही, खाली काही नाही, नेहमीसारखीच. वहिनींनी हात पुसले आणि वाचली. ‘गोळा, एक. जाड भिंतीचा. जुळ्यात हीलियम भरून ठेवावा. रेघ मी स्वतः येऊन मारीन.’

वहिनींनी ती दोनदा वाचली. अकरा वर्षांत त्यानं त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पातं पुन्हा हातात घेतलं.

“सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या, “पेन्सिल स्वतःची आणायची.”